नव्या पिकअपवर खर्च कुठे करावा आणि कुठे करू नये

वाचकाचे पत्र

मी जुन्नर तालुक्यातील शेतकरी आहे, वय २६. वडिलांची जुनी गाडी विकून आम्ही नुकतीच १.७ टनी बोलेरो पिकअप घेतली. हंगामात घरचा आणि शेजाऱ्यांचा टोमॅटो, आणि एरवी कोबी, कोथिंबीर, झेंडू असा माल माळशेज घाटाने कल्याण आणि वाशीच्या बाजारात नेतो. गाडीवर खर्च करण्यासाठी दीड लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. मित्र म्हणतात, मागचे पाटे (चाकांवर वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढव, मोठे टायर आणि मॅगव्हील (मिश्रधातूची चाके) टाक, पुढे गार्ड लाव, फाळके (हौद्याच्या बाजू) उंच कर, एलईडी बसव, सायलेन्सर बदल आणि इंजिनचे रिमॅपिंग (ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकात बदल) करून घे. वडील म्हणतात, कंपनीने दिली तशीच राहू दे, एक स्क्रूसुद्धा जास्तीचा लावू नको. मी कोणाचे ऐकावे?

— एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज सांगून गेला आहात, आणि ती म्हणजे तुमचा रस्ता. ओतूरपासून माळशेजपर्यंत गाडी पठारावरून जाते आणि घाटात ती कोकणाच्या बाजूला उतरते. याचा अर्थ असा की हौदा मालाने भरलेला असतो तेव्हा तुमची गाडी घाट उतरत असते, आणि रिकामे क्रेट घेऊन परतताना ती घाट चढत असते. रत्नागिरीहून आंबा घेऊन कोल्हापूरला जाणाऱ्या चालकाची स्थिती नेमकी उलट असते. त्यामुळे तुम्हाला ओढण्याच्या ताकदीपेक्षा थांबण्याची ताकद कितीतरी अधिक लागते. मित्रांनी सुचवलेल्या बदलांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांतील बरेचसे बदल नेमकी हीच ताकद कमी करणारे आहेत, असे तुमच्या लक्षात येईल.

सुरुवात पाट्यांपासून करतो, कारण बाजारात माल वाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या पिकअपच्या मालकाला पहिला सल्ला हाच मिळतो आणि त्यातील धोका सर्वांत कमी बोलला जातो. मागच्या बाजूला एक-दोन पाटे वाढवले की भरलेली गाडी मागे बसत नाही, आणि ती बसत नाही म्हणून तिला वजन झेपते आहे असे वाटते. प्रत्यक्षात बदललेला असतो तो फक्त पाट्यांचा संच. अ‍ॅक्सल, चाकांचे बेअरिंग, चासी, टायर आणि ब्रेक हे सारे कंपनीने जेवढ्या वजनासाठी दिले होते तेवढ्याचसाठी राहतात. बैलगाडीची साटी मोठी केली म्हणून बैलांचे खांदे मोठे होत नाहीत, तसेच हे आहे. पूर्वी गाडी मागे बसून तुम्हाला सांगत होती की आता पुरे. वाढवलेले पाटे ती खूण नाहीशी करतात, आणि मग क्रेटची आणखी एक रांग चढते.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार कमीजास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. माल भरल्यावर हौदा खाली येतो, दांडा हलतो आणि त्यावरून गाडी भरली आहे असे धरून व्हॉल्व्ह मागच्या चाकांना अधिक दाब सोडतो. पाटे वाढवल्यावर हौदा पुरेसा खाली येतच नाही. व्हॉल्व्हच्या हिशेबी गाडी रिकामीच असते आणि तो मागचा दाब रोखून धरतो, म्हणजे भरलेली गाडी घाट उतरत असताना, जेव्हा मागच्या ब्रेकची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच ते अर्ध्या मनाने लागतात आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडून ते तापत जातात. तुमच्या गाडीत असा व्हॉल्व्ह आहे किंवा नाही, हे सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर असताना दाखवून घ्या. तो नसला तरी माझे मत बदलत नाही. कडक पाट्यांची रिकामी गाडी खराब रस्त्यावर मागून उडते, मागचे चाक जमिनीला नीट टेकत नाही, आणि पावसाळ्यात परतीच्या वाटेवर ब्रेक मारताच मागचा भाग घसरण्याची भीती वाढते. शिवाय अर्ध्या भरलेल्या गाडीत पिकलेल्या टोमॅटोला जे हादरे बसतात त्यांची किंमत बाजारात प्रतवारी करताना कळते. काही वर्षांनी मूळ पाटे थकले, कमान सपाट झाली, तर त्याच मापाचा आणि तेवढ्याच पाट्यांचा नवा संच बसवणे ही दुरुस्ती आहे, आणि ती वेळेवर अवश्य करावी.

आता वजनाचा हिशेब मांडू, कारण तुमचे उत्पन्न त्यावरच अवलंबून आहे. आरसीवर गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन असे दोन आकडे असतात, आणि त्यांतील फरक म्हणजे तुम्ही कायद्याने वाहू शकता तो भार. टोमॅटोचा क्रेट मालासह साधारण २२ किलोचा धरला तर १,७०० किलोत ७७ क्रेट बसतात, आणि सोबत हमाल किंवा भाऊ बसला की त्याचे वजनही त्यातूनच वजा होते. गाडीला कायमचा जोडलेला प्रत्येक किलो पुढच्या प्रत्येक खेपेत मालाच्या वाट्यातून जातो. पुढचा लोखंडी गार्ड, कॅबिनवरचे कॅरियर, जाड पत्र्याचे उंच फाळके आणि खालची लोखंडी चादर हे सारे मिळून दीडशे किलो भरले, तर सात क्रेटची जागा गेली. हंगामातील खेपा तुम्हाला माझ्याहून चांगल्या ठाऊक आहेत. सात क्रेटना त्या खेपांनी गुणून पाहा. ते नुकसान भरून काढण्यासाठी जास्त माल भरण्याचा मोह होईल. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये दंड, त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च मालकावर, अशी तरतूद आहे. भाजीपाल्याच्या बाबतीत दंडापेक्षाही रस्त्यात गेलेला वेळ महाग पडतो, कारण पहाटेचा लिलाव चुकला की दर हातातून निसटतो.

फाळके उंच करण्याबाबत मात्र मी सरसकट नकार देणार नाही, कारण तुमचा माल एका प्रकारचा नाही. टोमॅटोसाठी आणि कोबीसाठी उंच फाळक्यांची गरज नाही. जड मालात हौदा काठोकाठ भरण्याआधीच वजनाची मर्यादा येते, आणि उंची वाढवली की फक्त जादा माल भरायला जागा होते. झेंडू आणि कोथिंबीर यांचे तसे नाही. तो माल हलका आणि फुगीर असतो, हौदा भरला तरी वजन निम्म्यावरही जात नाही, आणि दाबून भरला तर फूल चुरगळते व कोथिंबीर तापून पिवळी पडते. तुमच्या वर्षभराच्या खेपांपैकी मोठा भाग अशा मालाचा असेल, तर काढता-घालता येणारा हलक्या पाइपचा साचा आणि जाळी हा पैसे वसूल करून देणारा बदल आहे. त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, तो साचा हौद्याच्या मूळ खाचांत आणि हुकांत बसावा, चासीला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून नव्हे. दुसरी, काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे. टोमॅटोच्या हंगामात तो साचा घरी उतरवून ठेवा. उंच रचलेला जड माल वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूला खेचतो, आणि माळशेजच्या वळणांवर हे कसे जाणवते हे तुम्ही अनुभवले असेलच.

मोठे टायर आणि मॅगव्हील हा बदल दिसायला देखणा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु टायरचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला तर काय होते ते पाहा. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८४ ने धावत असते. ब्रेक तेवढ्याच जोराने लागला तरी रस्त्यावर त्याचा परिणाम सुमारे पाच टक्क्यांनी कमी होतो. दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरताना इंजिन गाडीला जे रोखून धरते तेही त्याच प्रमाणात सैल पडते. यांतील एकही गोष्ट तुमच्या रस्त्याला परवडणारी नाही. बाहेर आलेल्या रुंद चाकांमुळे बेअरिंगवर वेगळा ताण येतो, आणि खड्ड्यात लोखंडी डिस्क वाकली तर ती ठोकून सरळ करता येते, मॅगव्हीलला मात्र तडा जातो. मूळ टायर झिजतील तेव्हा त्याच मापाचे, कंपनीने सांगितलेल्या भारक्षमतेचे आणि चांगल्या प्रतीचे टायर घ्या. त्यासाठी आजच काही रक्कम वेगळी ठेवा, कारण झिजलेल्या टायरवर पावसाळा काढण्याची वेळ बहुतेक वेळा पैसे दुसरीकडे खर्च झाल्यामुळेच येते.

रिमॅपिंग आणि सायलेन्सर यांवर फार लिहिण्याची गरज नाही. भरलेली गाडी उतरत असताना जादा ताकद निरुपयोगी आहे, आणि रिकामी गाडी चढायला मूळ इंजिन पुरेसे आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धूर स्वच्छ करणारी उपकरणे आणि त्यांचे सेन्सर इंजिनच्या संगणकाशी जोडलेले असतात; त्यांना हात लावला की वॉरंटी अडचणीत येते, पीयूसी अडचणीत येते, आणि आवाज वा धुराच्या नियमभंगासाठी पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या दोन गोष्टी यादीतून काढून टाका.

पुढच्या गार्डबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास कळवले होते. धडक बसल्यावर गाडीचा पुढचा भाग चेपला जाऊन धक्क्याचा काही अंश स्वतःत जिरवतो. चासीला थेट बांधलेला लोखंडी गार्ड तो धक्का न जिरवता आत पोहोचवतो. समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याची जखम कितीतरी गंभीर होते. गावांमधून आणि आठवडे बाजारांच्या गर्दीतून जाणाऱ्या गाडीच्या मालकाने याचा विचार मनापासून करावा, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

कायद्याची चौकटही एकदा नीट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीतील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचना बदलता येणार नाही असा निर्वाळा दिला. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कलम १८२अ मध्ये आहे. तुमची गाडी मालवाहू असल्यामुळे पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेससाठी पासिंगला न्यावी लागेल. पासिंगच्या आदल्या दिवशी गार्ड उतरवायचा, जुने टायर चढवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलायचे, हा प्रकार अनेक जण करतात. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र गाडी जशी असेल तशी पाहतो, आणि न कळवलेला बदल अपघाताला कारण ठरला असे त्याला वाटले तर दावा अडकतो. गाडीवर कर्ज असेल तर कोणत्याही मोठ्या बदलापूर्वी फायनान्स कंपनीलाही लेखी कळवा.

इथवर वाचून वडिलांचेच बरोबर, असे तुम्हाला वाटले असेल. त्यांची काळजी योग्य आहे, पण एक स्क्रूही लावू नये हे मला पटत नाही. कंपनी गाडी बनवते ती विटा, सिमेंट, दूध, भाजी असे सर्व काही वाहणाऱ्या सर्वांसाठी. तुमचा माल, तुमचा घाट आणि तुमची रात्रीची वेळ तिला ठाऊक नसते. गाडीला तिच्या कामासाठी सज्ज करणे हे मालकाचेच काम आहे.

सर्वांत आधी हौद्याची तळजमीन पाहा. फुटलेल्या टोमॅटोचा आंबट रस रंगाखाली शिरतो आणि काही हंगामांत पत्रा गंजू लागतो, म्हणून तिथे संरक्षण हवेच. बहुतेक जण तीन मिलिमीटरची लोखंडी चादर टाकतात. तिचे वजन दर चौरस मीटरला सुमारे साडेतेवीस किलो असते, म्हणजे नऊ फुटी हौद्यात ती शंभर किलोंच्या पुढे जाते, आणि तिच्याखाली ओल अडकून मूळ पत्रा अधिकच गंजतो तो वेगळा. तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमचे वजन तिच्या साधारण एक तृतीयांश असते, परंतु अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना ओले टेकले की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने झिजते, त्यामुळे मध्ये रबर हवेच. तुमच्या मालासाठी काढून धुता येणारी जाड रबरी मॅट मला सर्वांत योग्य वाटते. ती पाणी निघण्याच्या भोकांवर बसणार नाही असे पाहा, आणि कोकणातील दमट हवेत गाडी रोज जाते म्हणून खालून गंजरोधक लेप पावसाळ्यापूर्वी करून घ्या.

त्यानंतर दिवे. नव्या दिव्यांच्या झगमगाटापेक्षा माळशेजच्या धुक्यात खाली बसवलेले, पिवळसर प्रकाशाचे फॉग लॅम्प उपयोगी पडतात, कारण वरून येणारा तेजस्वी पांढरा झोत धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. तुमच्या प्रकारात ते कंपनीकडून उपलब्ध असतील तर तेच घ्या; नसतील तर फ्यूज आणि रिलेसह वेगळी वायरिंग करून घ्या, मूळ तारा कापू देऊ नका. हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब बसवला तर प्रकाश रस्त्यावर एकवटण्याऐवजी इतस्ततः पसरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. ६० वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब बसवला तर तारेतील प्रवाह पावणेदोन पटींच्या आसपास जातो, तिच्यातील उष्णता मात्र जवळजवळ पावणेतीन पट होते, आणि होल्डर वितळू शकतो. भरलेल्या गाडीचे तोंड थोडे वर होते, त्यामुळे डॅशबोर्डवर दिव्यांची उंची बदलण्याची सोय असेल तर प्रत्येक खेपेला वापरा. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी रेडियम पट्टी स्वच्छ आणि अखंड ठेवा. रात्री बिघाड होऊन उभ्या राहिलेल्या गाडीवर मागून आदळणे हा महामार्गावरील नेहमीचा अपघात आहे आणि ही पट्टी त्यापासून वाचवते.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि मग तापल्यावर त्यात बुडबुडे होऊन पेडल मऊ पडते, म्हणून घाटात चालणाऱ्या गाडीचे तेल मॅन्युअलमधील मुदतीपेक्षा उशिरा कधीच बदलू नका. हा बदल गाडीवर दिसत नाही, पण दीड लाखांतील सर्वांत मोलाचा खर्च हाच आहे. त्याच जोडीला घाट उतरताना गाडी न्यूट्रल न करण्याचा आणि इंजिन बंद न करण्याचा नियम घरातील प्रत्येक चालकाने पाळावा, कारण इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदतही संपते.

चांगली ताडपत्री, माल बांधायला मजबूत पट्टे, मागचा कॅमेरा, आणि कंबरेला आधार देणारी बैठक हे सारे निःशंकपणे घ्या. बैठकीच्या बाबतीत काटकसर करू नका. रात्रभर गाडी चालवून पहाटे बाजारात उभे राहणाऱ्या माणसाच्या पाठीवर केलेला खर्च वाया जात नाही. गाडी सुंदर दिसावी ही तुमची इच्छाही अगदी रास्त आहे. कुलदैवताचे नाव, फाळक्यावर चांगल्या रंगाऱ्याकडून काढलेली नक्षी, कॅबिनमध्ये मन रमेल अशी संगीताची सोय, हे सर्व करा. फक्त समोरची काच आणि नंबर प्लेट मोकळी राहू द्या, आणि आरसीवर नोंदलेला गाडीचा मुख्य रंग बदलू नका.

पैशांची वाटणी माझ्या मते अशी असावी: साधारण साठ हजारांत मॅट, गंजरोधक लेप, ताडपत्री, पट्टे, फॉग लॅम्प, कॅमेरा आणि बैठक ही कामे करून घ्या, झेंडू-कोथिंबिरीचे प्रमाण मोठे असेल तरच आरटीओत विचारून जाळीच्या साच्यावर खर्च करा, उरलेली रक्कम टायर आणि ब्रेकच्या कामासाठी बँकेत राहू द्या. बसवलेल्या विजेच्या वस्तूंची पावती जपून ठेवा आणि त्यांची नोंद विम्याच्या पॉलिसीत करून घ्या. काही ठरवण्यापूर्वी एकदा वडिलांना सोबत घेऊन, नेहमी भरता तेवढाच टोमॅटो भरलेली गाडी वजनकाट्यावर उभी करा आणि तो आकडा आरसीवरील एकूण वजनाशी ताडून पाहा. तो आकडा आत्ताच मर्यादेच्या पुढे असेल, तर पहिला बदल क्रेटच्या संख्येत करावा लागेल, आणि तो झाल्याशिवाय बाकीच्या कोणत्याही कामाला हात लावू नका.